टोचन लावण्यापूर्वी : बंद पडलेली मोटार ओढण्यासाठी साधनांची निवड

पावसाळ्याच्या दिवसांत पूर्णा नदीच्या खोऱ्यातील कोणत्याही आडरस्त्याने गेल्यास एक दृश्य हमखास दृष्टीस पडते. समोरून येणाऱ्या वाहनाला वाट देताना एखादी मोटार डांबराखाली उतरलेली असते आणि तिची चाके काळ्या मातीत रुतलेली असतात. जवळच्या शेतातून ट्रॅक्टर बोलावला जातो. कोणी विहिरीवरचा जुना नाडा आणतो, कोणी ट्रॉलीची साखळी सोडून आणतो, आणि जेथे हात पोहोचेल तेथे गाठ मारून ट्रॅक्टर सुरू केला जातो. दोराच्या दोन्ही अंगांना पंधरावीस माणसे उभी असतात. त्यांत शाळेतून परतणारी मुलेही असतात.

अडलेल्याला मदत करण्याची ही वृत्ती वऱ्हाडच्या गावागावांत आहे, आणि ती अभिमानास्पद आहे. तथापि, चुकीच्या साधनाने केलेली मदत प्राणघातक ठरू शकते. ताणलेली साखळी तुटून उसळते, उंचावर बांधलेल्या ओढीने ट्रॅक्टर मागे उलथतो, उतारावर मागची मोटार पुढच्या वाहनावर आदळते. हे अपघात दैवाने घडत नाहीत. दोर, पट्टा, साखळी, दांडी किंवा क्रेन यांपैकी कोणते साधन कोठे योजावयाचे, याचा विचार आधी न केल्यामुळे ते घडतात.

वाहनचालकांच्या बोलीत ज्याला 'टोचन' म्हणतात, त्या कामासाठी साधनांची निवड कशी करावी याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

तीन प्रकारचे रस्ते

अमरावती व अकोला या दोन जिल्ह्यांतील वाहतुकीचे ढोबळमानाने तीन भाग पडतात. पहिला भाग राष्ट्रीय महामार्गाचा. पूर्वी क्रमांक ६ म्हणून ओळखला जाणारा आणि आता क्रमांक ५३ असलेला हा मार्ग अमरावतीहून मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, अकोला व बाळापूर असा जातो. जून २०२२ मध्ये याच महामार्गाच्या अमरावती ते अकोला भागात ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी काँक्रीटचा थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकण्यात आला आणि त्याची नोंद जागतिक विक्रम म्हणून झाली. रस्ता उत्तम झाला की वाहनांचा वेग वाढतो, आणि त्यावरून सावकाश ओढत न्यावयाच्या वाहनाला असलेला धोकाही वाढतो.

दुसरा भाग पूर्णेच्या दोन्ही तीरांवरील सपाट मुलखाचा. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर या तालुक्यांतील खारपाणपट्ट्याची माती खोल, काळी व चिकण आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पावसात ती लोण्यासारखी मऊ होऊन चाकाला धरून बसते. तिसरा भाग सातपुड्याचा. परतवाड्याहून चिखलदऱ्याला किंवा सेमाडोह, हरिसालवरून धारणीला जाताना घाटाची वळणे लागतात. चिखलात अडचण असते ती वाहन सुटण्याची, घाटात ती थांबण्याची, आणि महामार्गावर मागून येणाऱ्या वाहनांपासून बचावण्याची. म्हणून एकच दोर तिन्ही ठिकाणी चालेल असे समजणे चूक आहे.

दोर आणि दांडी यांतील भेद

साधनांच्या निवडीचे मूळ तत्त्व वऱ्हाडातील शेतकऱ्याला नवे नाही. मोटेचा नाडा बैल ओढत असत, परंतु त्या नाड्याने मोट मागे ढकलता येत नसे. बंडीचे तसे नाही. बंडीला दांडी असते आणि दांडीला जू असते. चढावर बैल त्याच दांडीने बंडी ओढतात, आणि उतारावर तिच्याच आधारे अंगावर येणारी बंडी थोपवून धरतात. दोर ओढतो, थोपवीत नाही. दांडी ओढतेही आणि थोपवतेही. टोचनाचे सर्व शास्त्र या एका भेदात सामावले आहे.

म्हणून बंद पडलेल्या मोटारीपाशी गेल्यावर प्रथम तीन प्रश्न विचारावेत. तिचे ब्रेक चालतात काय? तिची पुढची चाके सरळ फिरतात व सुकाणूने वळतात काय? ती रस्त्यावर उभी आहे की रुतली आहे? ब्रेक आणि सुकाणू दोन्ही ठीक असतील, तरच दोराचा विचार करावा. ब्रेक निकामी असतील, तर दोराने ओढणे म्हणजे मागची मोटार पुढच्या वाहनावर सोडून देणे होय. चाक अडकले असेल किंवा सुकाणू वळत नसेल, तर मोटार जमिनीवरून ओढूच नये. ती उचलूनच न्यावी लागते.

वजनाहून झटका भारी

दोर निवडताना बहुतेकजण मोटारीच्या वजनाचा विचार करतात. वस्तुतः सपाट डांबरी रस्त्यावर वजनामुळे लागणारा जोर फार थोडा असतो. एक टन वजनाची मोटार सपाटीवर सावकाश ढकलण्यास साधारण १५ किलो वजनाइतका जोर पुरतो, आणि म्हणूनच दोन माणसे ती सहज ढकलू शकतात. २० फुटांत एक फूट असा चढ लागला, तर त्यात आणखी ५० किलोची भर पडते. रुतलेल्या मोटारीचे गणित मात्र वेगळे आहे. आसापर्यंत चिखलात बसलेली मोटार सोडविण्यास तिच्या स्वतःच्या वजनाइतका, प्रसंगी त्याहूनही अधिक जोर लागू शकतो.

परंतु दोर तुटतो तो बहुधा वजनाने नव्हे, तर झटक्याने. दोर सैल असताना पुढचे वाहन ताशी १० किलोमीटर वेगाने निघाले आणि दोर एकदम ताणला गेला, अशी कल्पना करा. मागची एक टनाची मोटार तेवढ्या वेगाला आणण्याचे काम त्या क्षणी होते. साखळी ताणत नाही. ती व तिची कड्या-आकडे मिळून पाच सेंटिमीटर दबले असे धरले, तर ढोबळ हिशेबाने सरासरी आठ टनांचा ताण येतो. त्याऐवजी नायलॉनचा दोर असेल आणि तो अर्धा मीटर ताणत गेला, तर तोच ताण सुमारे ८०० किलोंवर येतो. वजन तेच, वेग तोच, परंतु ताण एकदशांश.

हा प्रयोग शाळेत सहज करून दाखविता येईल. शिवणाच्या दोऱ्याने एक जड दगड बांधावा. दोरा हळूहळू उचलला तर दगड वर येतो. तोच दोरा हिसका देऊन ओढला तर तो तुटतो आणि दगड जागेवरच राहतो. विद्यार्थ्यांना हा धडा एकदा डोळ्यांनी दिसला, म्हणजे तो ते घरी जाऊन सांगतील.

चिखलातून काढताना

रुतलेल्या मोटारीसाठी नायलॉनचा जाड दोर किंवा रुंद विणीचा पट्टा उत्तम. त्याच्या चिठ्ठीवर तुटण्याचा भार आणि कामाचा सुरक्षित भार असे दोन वेगवेगळे आकडे असू शकतात. विकत घेताना कोणता आकडा कशाचा, हे विचारून घ्यावे. तुटण्याचा भार मोटारीच्या भरल्या वजनाच्या निदान दोन ते तीनपट असावा. ज्या दोरावर किंवा पट्ट्यावर कोणताच आकडा नाही, तो या कामी घेऊ नये. विहिरीचा जुना नाडा, खाटेची सुंभाची दोरी, विजेच्या तारा ही साधने टोचनाची नव्हेत.

साखळीला चिवटपणा असतो व ती धारदार कडेला घासून सहसा कापली जात नाही. परंतु तिला लवचिकपणा नाही. म्हणून ती सावकाश, सतत ओढीच्या कामी योजावी, हिसक्याच्या कामी कधीही नाही. पोलादी तारांचा दोर विंचवर ठीक असतो. हाताने बांधावयास तो अयोग्य आहे, कारण त्याच्या तुटक्या तारा हातात घुसतात आणि गाठ मारल्यास त्याचे बळ बरेच घटते.

ओढण्यापूर्वी फावडे चालवावे. चाकांपुढची माती उकरून उतरती वाट केली आणि तीत पऱ्हाटीचे भारे, विटांचे तुकडे किंवा फळ्या घातल्या, म्हणजे निम्मे काम होते. दहा मिनिटांचे खोदकाम दोरावरचा कित्येक क्विंटल ताण कमी करते. ज्या दिशेने मोटार आत गेली, त्याच दिशेने तिला मागे घेणे बहुधा सोपे जाते.

ताणलेल्या दोराच्या मध्यावर ओली गोणी किंवा घोंगडे टाकावे. दोर तुटलाच, तर त्याच्या वजनाने त्याची उसळी खाली बसते. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतराच्या आत वाहनचालकांखेरीज कोणीही उभे राहू नये. मुलांना तर तेथून दूर पाठवावे. गर्दी आवरण्याचे हे काम सरपंच, ग्रामपंचायत सदस्य आणि शिक्षक यांनी आपले समजावे, कारण त्यांचा शब्द गावात मानला जातो.

ट्रॅक्टरचा दोर कोठे बांधावा

आपल्या भागात क्रेनच्या आधी ट्रॅक्टर पोहोचतो. म्हणून ट्रॅक्टरविषयी एक गोष्ट अत्यंत ठळकपणे सांगणे आवश्यक आहे. दोर फक्त ट्रॅक्टरच्या मागील खालच्या ड्रॉबारलाच बांधावा. आसाला, आसनाच्या खांबाला किंवा लिफ्टच्या वरच्या टॉपलिंकला तो कधीही बांधू नये. ओढ जितकी उंच, तितका ट्रॅक्टरला मागे उलथविणारा जोर अधिक. मागची चाके जागीच अडली आणि इंजिनाचा जोर वाढत गेला, तर ट्रॅक्टरचे तोंड उचलले जाते, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तो चालकावर पडतो. क्लच दाबावयासही अवधी मिळत नाही.

म्हणून खालचा गिअर घालावा, क्लच सावकाश सोडावा, दोर प्रथम हळूच ताणून घ्यावा आणि मगच ओढ द्यावी. पुढचे चाक जमिनीवरून किंचित जरी उठले, तरी ताबडतोब थांबावे. एका दिशेने मोटार निघत नसेल, तर जोर न वाढविता दिशा बदलावी किंवा पुन्हा माती उकरावी. रस्त्यावर आल्यावर ट्रॅक्टरचे डावे व उजवे ब्रेक पेडल एकमेकांस जोडून घ्यावे. शेतात ते वेगळे ठेवण्याची सवय असते. रस्त्यावर एकच ब्रेक लागला, तर ट्रॅक्टर एका अंगाला फिरतो. भरलेल्या ट्रॉलीच्या मागे मोटार बांधून नेण्याचा प्रकार सर्वस्वी टाळावा.

मोटारीला कोठे बांधावे

आजच्या बहुतेक मोटारींना समोरच्या बाजूस उघडा हूक नसतो. त्याऐवजी बंपरवर एक लहान झाकण असते. ते काढल्यास आत आटे दिसतात, आणि त्यांत बसवावयाची लोखंडी कडी जॅक व पान्यासोबत ठेवलेली असते. ती शेवटपर्यंत पिळून बसवावी. काही मोटारींत ती डाव्या आट्याची, म्हणजे उलट दिशेने पिळावयाची असते. बंपर, आस, सुकाणूचे दांडे किंवा निलंबनाचे भाग यांस दोर बांधल्यास मोटार निघते, परंतु तिचे चाक वाकडे होऊन येते. ही कडीही सावकाश ओढीसाठीच दिलेली असते, हे विसरू नये.

जोडणीसाठी गाठीपेक्षा पिनेची लोखंडी शॅकल चांगली. तिच्यावर सुरक्षित भार कोरलेला असावा. जीप किंवा मालमोटार यांस समोर दोन हूक असल्यास साखळीच्या दोन शाखा करून दोहोंना जोडाव्यात. मात्र त्या शाखांमधील कोन लहान ठेवावा. कोन ६० अंशांचा असेल तर प्रत्येक शाखेवर एकूण ओढीच्या सुमारे ५८ टक्के ताण येतो. तोच कोन १२० अंशांचा झाला, तर प्रत्येक शाखेवर पूर्ण ओढीइतका ताण येतो आणि दोन शाखा करण्याचा लाभच उरत नाही.

सपाट रस्त्यावर ओढून नेताना

मोटार रस्त्यावर आली, परंतु तिचे इंजिन चालत नाही. जवळच्या गावातील दुरुस्तीच्या दुकानापर्यंत ती न्यावयाची आहे. अशा वेळी लोखंडी दांडी हे साधन दोरापेक्षा निश्चित सरस आहे. दोन टोकांना कडी व पिना असलेली, मजबूत नळीची ही दांडी दोन वाहनांतील अंतर कायम राखते. त्यामुळे पुढचे वाहन हळू झाले, तरी मागचे त्याच्यावर येत नाही, आणि दोर सैल पडून पुन्हा ताणला जाण्याचा झटकाही बसत नाही. ब्रेक निकामी असलेली हलकी मोटार अगदी थोड्या अंतरावर, सपाटीवर आणि तिच्याहून जड वाहनाने न्यावयाची झाल्यास दांडीच योजावी. दोर कदापि नको.

या संदर्भात १९८९ च्या रस्ते नियमांत काही मर्यादा स्पष्ट घातलेल्या होत्या. ओढल्या जाणाऱ्या मोटारीच्या चालकाच्या आसनावर परवानाधारक व्यक्ती बसलेली असावी, अथवा तिची सुकाणूची चाके क्रेनने जमिनीपासून वर उचललेली असावीत. दोन वाहनांतील अंतर ५ मीटरपेक्षा अधिक नसावे. दोर किंवा साखळी इतरांना सहज दिसेल अशी व्यवस्था करावी. मागच्या वाहनाच्या पाठीवर पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळ्या, निदान ७५ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत 'ऑन टो' असे लिहिलेले असावे. वेग ताशी २४ किलोमीटरपेक्षा अधिक नसावा. या नियमांची जागा २०१७ मध्ये नव्या वाहनचालन विनियमांनी घेतली. तरी वरील प्रत्येक मर्यादेमागचे कारण आजही तेच आहे, आणि ती पाळणाऱ्याचे हितच होते.

मागच्या मोटारीत बसणाऱ्याने किल्ली फिरवून सुकाणूचे कुलूप उघडे असल्याची खात्री करावी. अन्यथा पहिल्याच वळणावर चाक अडकते. इंजिन बंद असताना ब्रेक एकदोनदाच हलके लागतात. पुढे पाय बराच दाबावा लागतो आणि सुकाणूही जड होते. दोराने ओढताना दोर ताणलेला ठेवण्याची जबाबदारी मागच्या चालकावर असते. ब्रेक त्यानेच आधी, आणि हलकेच, लावावयाचा असतो. निघण्यापूर्वी दोन्ही चालकांनी हाताच्या खुणा ठरवून घ्याव्यात. रात्री आणि दाट पावसात टोचन टाळलेले बरे.

घाट आणि महामार्ग

घाटात दोर नको आणि दांडीवरही विसंबू नये. उताराला मागच्या मोटारीचे सर्व वजन पुढच्या वाहनाच्या ब्रेकवर येते, आणि वळणावर दांडी पुढच्या वाहनाची मागची बाजू आडवी ढकलते. चिखलदऱ्याच्या रस्त्यावर बंद पडलेली मोटार प्रथम चाकांना दगड लावून सुरक्षित करावी आणि क्रेनची वाट पाहावी.

अशा क्रेनचा उगमही एका ओढ्याच्या काठीच झाला, असे सांगतात. अमेरिकेतील चॅटनूगा येथील यंत्रकार अर्नेस्ट होम्स यांना ओढ्यात पडलेली एक मोटार दोर, कप्प्या आणि हाताशी असलेली माणसे यांच्या साह्याने मोठ्या कष्टाने काढावी लागली. त्या अनुभवातून १९१६ च्या सुमारास त्यांनी एका जुन्या मोटारीवर खांब, कप्पी आणि साखळी बसवून पहिली उचलगाडी तयार केली. आज या कामाची दोन साधने प्रचलित आहेत. एक, मोटारीची दोन चाके उचलून नेणारी क्रेन. दुसरे, सगळी मोटार सपाट मंचावर चढवून नेणारी मालमोटार.

यांपैकी कोणते बोलवावे, हे मोटारीच्या रचनेवर अवलंबून आहे. ज्या चाकांना इंजिनाचा जोर मिळतो, ती उचलली जाणे इष्ट. लहान मोटारी बहुधा पुढच्या चाकांनी चालतात. म्हणून त्यांचे तोंड उचलावे आणि मागचा हँडब्रेक सोडलेला आहे याची खात्री करावी. स्वयंचलित गिअरच्या, चारही चाकांना जोर असलेल्या आणि विजेवर चालणाऱ्या मोटारी मात्र सपाट मंचावरूनच न्याव्यात. त्यांची चाके जमिनीवर फिरत गेल्यास गिअरपेटी किंवा मोटर निकामी होण्याचा संभव असतो, आणि वाचविलेल्या भाड्याच्या कितीतरी पट खर्च पदरी येतो.

राष्ट्रीय महामार्गावर वाहन बंद पडल्यास स्वतः टोचन लावण्याच्या भरीस पडू नये. धोक्याचे दिवे लावावेत, मागे बऱ्याच अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवावा, प्रवाशांना कठड्याच्या पलीकडे उभे करावे आणि १०३३ या क्रमांकावर राष्ट्रीय महामार्गाच्या मदत केंद्राशी संपर्क साधावा. कोणी जखमी असल्यास १०८ वर रुग्णवाहिका मागवावी.

गावाने काय ठेवावे

हे सर्व साहित्य प्रत्येकाने विकत घेण्याची गरज नाही. रस्त्याकाठच्या गावाने, ग्रामपंचायतीने किंवा सहकारी संस्थेने एकच संच ठेवला, तरी पंचक्रोशीची सोय होते. भार लिहिलेला नायलॉनचा एक पट्टा, एक लोखंडी दांडी, शॅकलची एक जोडी, दोन फावडी, चाकाखाली लावावयाचे चार ठोकळे, दोन फळ्या, एक जाड गोणी, एक परावर्तक त्रिकोण आणि मोठ्या अक्षरांची एक पाटी, एवढा संच पुरेसा आहे. तो एका पेटीत, उन्हापासून आणि उंदरांपासून सुरक्षित ठेवावा. नायलॉन उन्हाने कुजतो. पट्टा चिखलातून निघाल्यावर धुऊन सावलीत वाळवावा. त्याला चीर दिसली, वीण फुगली किंवा तो एकदा जोराच्या झटक्यात सापडला, तर तो बाद करावा. त्याला गाठ मारून पुन्हा वापरू नये. पेटीची किल्ली कोणाकडे आहे, हे फलकावर लिहून ठेवावे, कारण अडचण बहुधा अवेळीच येते.

पेटीच्या झाकणाच्या आतील बाजूस चार ओळी रंगवून घ्याव्यात : ब्रेक नसेल तर दोर नाही. हिसका नाही, सावकाश ओढ. ट्रॅक्टरची ओढ खालच्या ड्रॉबारलाच. दोराजवळ माणूस नाही.

पोळ्याच्या दिवशी आपण बैलाच्या खांद्याला लोणी चोळतो, कारण वर्षभर ओढीचा भार त्या खांद्याने सोसलेला असतो. आज तो भार दोरावर, पिनेवर आणि दांडीवर आला आहे. त्यांचीही तेवढीच देखभाल ठेवली आणि योग्य जागी योग्य साधन योजले, तर अडलेल्याच्या मदतीला धावून गेलेला शेजारी संध्याकाळी सुखरूप आपल्या घरी परतेल.